ओढ्याकडची बोरं

२ ऑक्टोबर २००६, येना (जर्मनी)

आज अशोक विजयादशमी. यवतमाळला असते तर पहाटेच नागपूरची गाडी धरली असती. दीक्षेला यंदा पन्नास वर्षं होतात. त्याऐवजी मी यशपालच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून वॉशिंग मशीनची घरघर ऐकते आहे. पोरगा आणि सून प्राची सकाळीच कामाला जातात. तो संस्थेत भिंगं घासतो, म्हणजे भिंगांवर संशोधन करतो, पण मी घासतो म्हटलं की चिडतो म्हणून मुद्दाम म्हणते.

मॉल पाहिले, चर्च पाहिली, मोठं दुर्बिणीचं दुकान पाहिलं. आता मला गाव दाखव, असं मी आल्यापासून म्हणते आहे. जिल्हा परिषदेत तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी खेड्यांत. प्रत्येक गावात पहिल्याच दिवशी कुणीतरी आडनाव विचारायचं आणि मग पाण्याचा पेला कोणता द्यायचा ते ठरायचं. आडनाव विचारून काहीही न ठरवणारं एक गाव मला मरायच्या आधी डोळ्यांनी पाहायचं आहे. हे मी यशला बोलून दाखवलं. तो चमचा वाटीत फिरवत बसला. प्राची मात्र लगेच म्हणाली की आईंना घेऊन चार-पाच दिवस चालत जा, डॉक्टरांनीही तुला तेच सांगितलंय.

चौतिसाव्या वर्षी डॉक्टर चालायला सांगतो म्हणजे बीपी असणार. बापाचंच आलं आहे याच्यात. विचारलं तर म्हणाला, तसं काही नाही आई.

८ ऑक्टोबर

सगळं ठरलं. या गावाहून त्या गावाला चालत जायचं, रात्री पेन्सिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये राहायचं. पेन्सिओनवाले आपलं सामान गाडीतून पुढच्या गावी पोचवतात. आपण फक्त पाणी आणि छत्री घेऊन चालायचं. असली चैन मी ऐकली नव्हती. प्राचीला रजा नाही, मी आणि यश दोघंच जाणार.

बुटांवरून भांडण झालं नाही, साडीवरून झालं. यशने माझ्यासाठी पॅन्ट, राखाडी जाकीट आणि डोक्याला लोकरीची टोपी आणली. साडी नको म्हणाला, चिखल असतो. मी म्हटलं, बाबा रे, मी साडी नेसून काळ्या मातीतल्या चिखलातून सायकल दामटली आहे. तर म्हणाला, “तसं नाही. इथे सगळे असंच घालतात. उगाच लक्ष कशाला वेधून घ्यायचं?”

उगाच लक्ष. टोपी घालून आरशात पाहिलं, तर शाळेच्या चपराशासारखी दिसले.

सायकलवरून आठवलं. एप्रिलमध्ये हा सायकलवरून पडला होता, कानामागे टाके पडले होते, तसं फोनवर सांगितलं होतं. व्रण आता पाहिला. चांगला बोटभर आहे. सायकल मात्र घरात कुठे दिसली नाही. विकली म्हणे. एकदा पडला म्हणून सायकल विकणारा माझा मुलगा नव्हता. झाडावरून तीनदा पडून चौथ्यांदा चढायचा.

११ ऑक्टोबर, पहिला मुक्काम

पाय दुखतात, पण ते लिहिण्यासारखं नाही. लिहायचं ते वेगळंच आहे.

सकाळी बसने निघालो. मी खिडकीबाहेर बघून जरा मोठ्याने म्हटलं, यश, बघ मेंढ्या. त्याने हळू बोल अशी खूण केली. बसमध्ये चार म्हाताऱ्या आणि मागे दोन पोरं, एवढीच माणसं. मराठीत मेंढ्या म्हटल्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

मग चालणं सुरू झालं. झाडांवर पांढरा चौकोन रंगवलेला असतो, त्याच्या खुणेने जायचं. खुणा चोख. शिस्तीला दहापैकी नऊ. रस्त्याच्या कडेला सफरचंदाची झाडं, खाली फळांचा सडा, कुणी उचलत नाही. पहिलं गाव समोर आलं. पिवळी पाटी, लाल कौलं, मध्ये चर्चचा मनोरा. मला वाटलं होतं की मी आनंदाने पाहीन. झालं भलतंच. गावाची पहिली घरं दिसली आणि मी यशच्या मागे पडले. साठी उलटली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, परदेशात उभी आहे, तरी गावाच्या तोंडाशी आलं की माझे पाय आपोआप हळू होतात. हे मी यशच्या वडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

पांढरा चौकोन सरळ गावात जात होता. यश पाटीजवळ थांबला, गल्लीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, “इकडून शेतातून जाऊ. इकडून व्ह्यू चांगला आहे.”

मला हायसं वाटलं. त्याबद्दल स्वतःचा रागही आला. गाव पाहायला आले आणि गाव टळल्याचा आनंद! गावामागे व्ह्यू कसला, काळ्या प्लॅस्टिकखाली झाकलेला गुरांचा चारा, त्यावर जुनी टायरं आणि डुकरांचा वास. यशने कुठूनसं एक सफरचंद माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, बघ, इकडच्या झाडाचं आहे. त्यावर दुकानाची छोटी चिकटपट्टी होती. मी म्हटलं, जर्मनीत झाडालाच लेबल लावून येतात वाटतं. तो हसला नाही.

दुसऱ्या गावाशीही तेच. पुन्हा शेतातून, पुन्हा व्ह्यू.

मुक्कामी त्याने मागच्या बाजूची खोली मागून घेतली. खाली जेवणाची खोली होती, माणसांचा आवाज येत होता, भाजलेल्या कांद्याचा वास सुटला होता. मी केस विंचरून तयार झाले, तर हा दोन ताटं वरच घेऊन आला. म्हणाला, आई, तू दमली असशील. मी दमलेली नव्हते. आईला चार लोकांत बसवायची त्याला लाज वाटते. आता लिहिलंच आहे तर स्पष्ट लिहिते. लक्ष नको, साडी नको, आवाज नको, गावातून नको, टेबलावर नको. मी विमानात बसताना शेजारणींना सांगून आले की माझा यश अशा देशात आहे जिथे कुणी कुणाची जात विचारत नाही. आणि त्याने मात्र मला गावाबाहेरून न्यावं.

प्राचीचा फोन दिवसभरात पाच वेळा तरी आला. पोचलात का, कुठून गेलात, बस हाल्टेश्टेलेवर, म्हणजे बसथांब्यावर, थांबू नका. सासू नवऱ्याला त्रास देते आहे का, याची चौकशी असावी.

१२ ऑक्टोबर

आज एक म्हातारी भेटली. कुंपणापाशी नासपती गोळा करत होती. मी पाठ केलेलं नमस्काराचं गुटन टाग म्हटलं. तिने वर पाहिलं, माझ्या टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि काहीतरी लांबलचक बोलली. मग दोन नासपती माझ्या हातात दिल्या. नाव विचारलं नाही. हात माझ्या हाताला लागला तरी काही नाही. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी हसत राहिले.

यश त्या वेळी दहा पावलं मागे, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. एका गाडीचा आवाज आला आणि त्याने माझं कोपर धरून मला ओढलं, त्या बाईला धड डांके, म्हणजे आभार, म्हणू दिलं नाही. गाडीत एक बाई आणि तिचं पोर होतं. ती निघूनही गेली. पुढे जंगल लागलं. जंगलात शिकाऱ्यांची उंच मचाणं असतात, लाकडी पायऱ्यांची. प्रत्येक मचाणाखालून जाताना हा वर पाहायचा. मलाही मग भीती वाटू लागली. वर कुणी बसलं असेल का, असं विचारलं तर म्हणाला नाही आई, रिकामी असतात, आणि पुढच्याकडेही पाहिलंच.

संध्याकाळी मी धीर करून विचारलं. “तुला माझी लाज वाटते का रे?”

तो बूट काढत होता. म्हणाला, “काहीतरीच काय, आई.” मग उठला, दाराची कडी लागली आहे का पाहिलं. खुर्चीवर बसला, पुन्हा उठला, पुन्हा पाहिली. बापाला गॅस तपासायची सवय होती, याला कडीची. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही. खोटं बोलताना तो लहानपणीही असाच दाराकडे बघायचा.

मला भीती वाटते की हा मुलगा माझ्या हातून गेला. तो चांगलं बोलतो, पांघरूण घालतो, गोळ्या आठवणीने देतो. पण मुलगा म्हणून गेला.

१३ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. दोन्ही गुडघे बोलतात, मुलगा बोलत नाही.

१४ ऑक्टोबर

आज झालं ते सगळं एकदम लिहावंसं वाटतं. तरी क्रमाने लिहिते.

सकाळी खिडकीशी बसून त्रिशरण-पंचशील म्हटलं. पन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला माझा बा नागपूरच्या मैदानात बसला होता. यशही शेजारी येऊन बसला, हात जोडले. बाबासाहेबांचा छोटा फोटो त्याने पाकिटातून काढून उशीला टेकवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो मला माझा वाटला. मी ठरवलं की आज चिडायचं नाही.

दुपारी एका गावाशी आलो. गावात जत्रा होती, इथे किर्मेस म्हणतात. मध्यभागी उंच सुरूसारखं झाड रोवून त्याला रंगीत फिती बांधलेल्या लांबूनच दिसत होत्या. बँडचा आवाज येत होता. मला वाटलं, आज तरी आतून जाऊ. यशचं तोंड पांढरं पडलं होतं. “इकडून,” एवढंच म्हणाला. व्ह्यूचं नावही घेतलं नाही.

गावामागची पायवाट पुढे विजेच्या तारेच्या कुंपणाने अडवलेली निघाली. मागे यावं लागलं, दोन घरांमधल्या बोळात. आणि बँड त्याच बोळाच्या तोंडाशी आला. वीसेक पोरं, पांढरे सदरे, काळ्या टोप्या, छातीला फिती. काहींची डोकी सफाचट. हातात बाटल्या. ओरडत, गात, पिपाण्या वाजवत येत होती.

यशने मला खेचलं. लाकडं रचून ठेवायची एक पडवी होती, तिच्यात मला ढकललं, स्वतः माझ्या पुढ्यात उभा राहिला आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

मी ओरडणार नव्हते. पण त्याला ते माहीत नव्हतं. त्याच्या छातीचे ठोके मला माझ्या खांद्यावर कळत होते. डोळे गच्च मिटलेले होते. चेहरा इतका जवळ होता की कानामागचा व्रण मला नीट दिसला. सायकलवरून पडणाऱ्याला तिथे लागत नाही. मी तीस वर्षं शाळेत पोरांच्या जखमा धुतल्या आहेत, मला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

लाकडांच्या फटीतून मी पाहत होते. पोरं समोरच्या घरापुढे थांबली. दार उघडून एक आजी बाहेर आली, तिच्या हातात छोट्या पेल्यांचा ट्रे होता. पोरांनी तिच्यासाठी एक चाल वाजवली. सफाचट डोक्याच्या एकाने मोठी पिपाणी अशी वाजवली की त्याचे गाल फुगून लाल झाले. आजी हसली. मग सगळी पुढच्या घरी गेली. ती पोरं चांगली होती की वाईट, मला माहीत नाही. फटीतून तेवढं कळत नाही.

पण तोंडावरच्या त्या हाताने मला दुसरंच आठवलं. मी आठ वर्षांची होते. शाळा पलीकडच्या गावात, वाट आमच्या गावाच्या मधून. बा मला रोज मधून न नेता ओढ्याकडून लांबच्या वाटेने न्यायचा. “इकडून चाल वं माय, इकडं बोरं हायेत,” म्हणायचा. आणि खरंच, ओढ्याशी पोचलं की माझ्या ओंजळीत बोरं यायची. एकदा पाटलाची माणसं गाडीतून येताना दिसली, तेव्हा त्याने मला तुरीत खाली बसवलं आणि तोंडावर हात ठेवला. गाडी गेल्यावर म्हणाला, साप होता. मला ते खरं वाटलं. कितीतरी वर्षं मी मुलांना सांगायचे, माझ्या बापाला बोरांचं भारी वेड.

त्या ओढ्याला बोरीचं एकही झाड नव्हतं. बाभळी होत्या, निवडुंग होतं. मी पुढे मोठी झाल्यावर कितीदा तिथून गेले. बोरीचं झाड नव्हतं हे मला माहीत होतं आणि तरी आजपर्यंत कधी डोक्यात आलं नाही.

आणि ते लेबल लावलेलं सफरचंद! मी चेष्टा केली त्याची.

बँड लांब गेल्यावर मी यशचा हात तोंडावरून काढला आणि तो हातात धरून ठेवला. म्हटलं, “सायकलवरून पडला नाहीस ना तू?”

तो लाकडांवर बसला. मग सांगितलं, तुटक तुटक. एप्रिलमध्ये रविवारी फिरायला गेला होता, अशाच एका खेड्याकडे. पाऊस आला म्हणून बस हाल्टेश्टेलेच्या आडोशाला उभा राहिला. तिघं आले. विशी-बाविशीचे असतील. पुढचं तो जमिनीकडे बघत म्हणाला. “काही बोललेच नाहीत आई. मी गुटन टाग म्हटलं. नाव पण विचारलं नाही.”

मला आडनाव न विचारणारं गाव पाहायचं होतं.

एका ट्रॅक्टरवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. तेव्हापासून तो बाहेर पडायला घाबरतो, दिवेलागणीनंतर ट्रामने येत नाही. डॉक्टर म्हणजे मनाचे डॉक्टर. त्यांनीच सांगितलं की हळूहळू पुन्हा चाल, खेड्यांतून चाल. बरोबर कुणी असेल तर बरं. प्राचीला सगळं माहीत होतं. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, “तू सगळ्यांना सांगत फिरतेस ना, माझा यश कुठे आहे ते. मग तुला कसं सांगू?”

आम्ही दोघं त्या पडवीत बसून रडलो. बाहेर बँड कुणाच्या तरी दारात वाजत होता.

१५ ऑक्टोबर, येना

परत आलो. लिहून टाकते, मग झोपेन.

बस पकडायला शेवटच्या गावात जायचं होतं. पिवळ्या पाटीशी दोघंही थांबलो. डावीकडे नांगरलेलं शेत, कडेने पायवाट. सरळ गेलं की गाव. यश पायवाटेकडे बघत होता.

मी त्याला बाची पुढची गोष्ट सांगितली. नागपूरहून परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाने मला ओढ्याकडून नेलं नाही. गावाच्या मधून नेलं, मारुतीच्या पारावरून, पाटलाच्या दारावरून. मी विचारलं, बोरं? तो म्हणाला, आज नाही. मला त्याच्या धाडसाचं कौतुक अजून आहे, पण लहानपणी एक गोष्ट लक्षात आली होती आणि तिचा अर्थ आता कळतो. त्याचा हात घामाने निथळत होता, माझी पाटी ओली झाली होती. यशला म्हटलं, तो घाबरलेला होता रे. मीही घाबरले आहे. शेतातून जायचं तर शेतातून जाऊ, माझं काही म्हणणं नाही. फक्त मला व्ह्यू सांगू नकोस.

त्याने पायवाटेकडे पाठ केली. मग त्याने माझा हात धरला आणि सरळ निघाला. मी टोपी काढून खिशात घातली.

रविवारची सकाळ होती, गाव झोपलेलं. एक पडदा हलला. एक कुत्रं दाराच्या फटीतून भुंकत आमच्याबरोबर कुंपणाच्या टोकापर्यंत आलं. चौकात इथेही कालच्या जत्रेचा मांडव होता आणि दोन तरुण काचेचे पेले खोक्यात भरत होते. एकाचं डोकं सफाचट होतं. तो सरळ उभा राहिला आणि आमच्याकडे बघत राहिला. यशची पावलं मंदावली. मी त्याचा हात घट्ट दाबला. मला वाटलं, मी म्हातारीने हा काय शहाणपणा केला.

“मोर्गन,” तो पोरगा म्हणाला, म्हणजे इथला सकाळचा नमस्कार. हसला नाही.

यशने आधी नुसतेच ओठ हलवले. दुसऱ्यांदा आवाज निघाला. “मोर्गन.”

पोरगा पुन्हा खोक्यावर वाकला. आम्ही चालत राहिलो. यशने दोनदा मागे वळून पाहिलं, मीही पाहिलं. त्या पोराच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. बस हाल्टेश्टेलेला छत होतं, बाक होता, पण यश आत गेला नाही. आम्ही बाहेर रस्त्यावरच उभे राहिलो, वारा होता तरी. त्याने माझा हात सोडला नव्हता आणि दोन्ही हात घामाने चिंब झाले होते.

प्राचीचा फोन आला. तो म्हणाला, “पोचलो.” मग तिने वाट विचारली असावी, कारण म्हणाला, “नाही, मधून आलो.”

बसमध्ये त्याने विचारलं, “आई, ओढ्याला खरंच बोरं नव्हती?”

मी मोठ्यानेच म्हटलं, पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिलं तरी. “होती ना. त्याच्या खिशात असायची.”

यशने खिशात हात घातला. एक सफरचंद निघालं, लेबल लावलेलं. शेतातून जावं लागलं तर असू दे म्हणून सकाळीच घेऊन ठेवलं होतं त्याने. नखाने लेबल काढून त्याने ते माझ्या हातात दिलं. दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.